लेखनिक साखळी: दहावी २०२५साठीच्या स्वयंसेवक प्रकल्पाच्या नोंदी

१८ नोव्हेंबर २०२४, सोमवार

पुणे शहर आणि लगतच्या गावांतल्या १२ अंध व अल्पदृष्टी विद्यार्थ्यांना यंदा दहावीसाठी लेखनिक, म्हणजे त्यांनी सांगितलेली उत्तरं लिहून देणारे, हवे आहेत. पहिला पेपर २१ फेब्रुवारीला, शेवटचा १७ मार्चला.

नवीन स्वयंसेवकांसाठी नियम आधी लिहून ठेवतो, कारण सगळं नियोजन त्यातूनच निघतं. दहावीच्या परीक्षार्थीचा लेखनिक नववीत किंवा त्याखालच्या इयत्तेत शिकणारा असावा लागतो. केंद्र सरकारच्या २९ ऑगस्ट २०१८च्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात: परीक्षार्थीने स्वतः आणलेला लेखनिक शिक्षणाने एक पायरी खालचा हवा. त्याच सूचनांप्रमाणे तासाला किमान २० मिनिटं जादा मिळतात, वेगवेगळ्या विषयांना वेगवेगळे लेखनिक चालतात (एका विषयाला मात्र एकच), आणि अडचण आली तर ऐनवेळी लेखनिक बदलता येतो.

म्हणजे कॉलेजातले, नोकरी करणारे, निवृत्त झालेले असे कितीही मोठे स्वयंसेवक जमले तरी पेपर त्यांना लिहिता येत नाही. पेन चौदा वर्षांच्या मुलाच्या किंवा मुलीच्या हातात असतं. मोठ्यांचं काम त्या मुलाच्या भोवतीचं: शाळेची परवानगी, पालकांची समजूत, सराव, ने-आण, कागदपत्रं, फोन.

दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे. आज नववीत असलेला लेखनिक जूनमध्ये दहावीत जातो आणि या कामातून आपोआप बाद होतो. अनुभवी लेखनिक ही गोष्ट दहावीसाठी जवळजवळ नसतेच. दर मार्चमध्ये यादी कोरी होते आणि नोव्हेंबरमध्ये पुन्हा पहिल्यापासून शाळांचे उंबरे झिजवायचे. म्हणून यंदापासून रचना बदलतो आहोत. मुख्य लेखनिक नववीतला, राखीव लेखनिक आठवीतला. राखीव मुलाने सगळा सराव करायचा, एखादा पेपर वाट्याला आला तर लिहायचा, आणि पुढच्या वर्षी तोच मुख्य. दहावीचं वर्ष त्याला पूर्ण मोकळं. अकरावीत गेला की बारावीच्या परीक्षार्थीसाठी पुन्हा उपलब्ध, कारण तिथे अकरावीपर्यंतचा लेखनिक चालतो. एका मुलाकडून चार वर्षांत तीन हंगाम मिळू शकतात, फक्त मधल्या वर्षात त्याच्याशी धागा तुटता कामा नये.

हिशेब: प्रत्येक परीक्षार्थीमागे दोन मुख्य लेखनिक, एक भाषा व सामाजिक शास्त्रांसाठी, दुसरा गणित-विज्ञानासाठी. म्हणजे २४. दर तीन मुख्य लेखनिकांमागे एक राखीव, म्हणजे ८. एकूण ३२ मुलं. ने-आण करणारे सोबती म्हणून १२ मोठी माणसं आणि त्यांच्यातही ४ राखीव.

परवा, २० तारखेला, विधानसभेचं मतदान आहे. शिक्षक निवडणुकीच्या कामाला जुंपलेले आहेत, त्यामुळे या आठवड्यात कुठल्याही मुख्याध्यापकांकडे जायचं नाही. घाईत मिळालेला होकार जानेवारीत कोणाच्या लक्षात राहत नाही.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

शाळांच्या भेटी सुरू. कोणत्या शाळांकडे आधी जायचं याचा क्रम ठरवताना माध्यम पाहावं.

आपले परीक्षार्थी मराठी माध्यमातून शिकलेले आहेत. सेमी-इंग्रजीची मुलं गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकतात. अशा मुलाला 'विकर', 'लसावि', 'विकर्ण', 'अपवर्तनांक' हे शब्द नुसते ऐकून लिहिता येत नाहीत. तो प्रत्येक शब्दाला अडतो, परीक्षार्थीची तंद्री मोडते. म्हणून गणित-विज्ञानासाठी पूर्ण मराठी माध्यमाच्या शाळा, त्यातही महापालिकेच्या आणि जुन्या पेठांतल्या अनुदानित शाळा आधी गाठायच्या. सेमीची मुलं इंग्रजीच्या पेपरला आणि हिंदीला उत्तम.

मुख्याध्यापकांपुढे मागणी मोघम ठेवू नये. "आम्हाला काही विद्यार्थी हवेत" म्हटलं की उत्तर येतं, "बघू, कळवतो." कागदावर चार गोष्टी छापून न्याव्यात: किती मुलं (एका शाळेतून चार पुरे), कोणत्या तारखांना ती वर्गात नसतील, ने-आण कोण करणार, आणि शाळेने काय द्यायचं. शाळेकडून तीनच गोष्टी लागतात: बोनाफाईड, फोटोवर शिक्का-सही, आणि पेपरच्या दिवशी मुलाची हजेरी लावण्याबद्दल वर्गशिक्षकांना लेखी सूचना. ही तिसरी गोष्ट विसरली जाते. फेब्रुवारीत वर्गशिक्षक मुलाला विचारतात, "रोज रोज कुठे असतोस रे?" आणि मूल घाबरून काम सोडतं.

हुशार म्हणून पहिल्या बाकावरची मुलं पुढे केली जातात. त्यांचे क्लास, ऑलिंपियाड, स्कॉलरशिप असं काही ना काही चालू असतं, आणि त्यांना उत्तर माहीत असलं की गप्प बसणं जड जातं. आपल्याला हवं ते मधल्या बाकावरचं मूल: अक्षर स्वच्छ, ऐकण्याची सवय, चार तास जागेवर बसण्याचा पिंड. शिक्षकांना सरळ असंच सांगावं, त्यांना चटकन नावं सुचतात.

३ डिसेंबर, मंगळवार

आज जागतिक दिव्यांग दिन. या दिवशी मदत करू इच्छिणाऱ्यांचे फोन वर्षातले सर्वांत जास्त येतात. मन चांगलं असतं, वेळ मात्र रविवारचा असतो आणि पेपर असतो शुक्रवारी सकाळी अकराला. अशा माणसाला नाही म्हणायची गरज नाही, पण त्याच्या वेळेत बसणारं काम त्याच्या हातात त्याच आठवड्यात पडलं पाहिजे. "गरज पडली की कळवू" असं सांगितलेला माणूस परत मिळत नाही.

नोंदणी अर्जातून 'आपल्याला कोणत्या क्षेत्रात काम करायला आवडेल' हा प्रश्न काढून टाकला. त्याच्या उत्तरांवरून एकही सोबती ठरवता येत नाही. आता प्रश्न पाचच:

कोणता वार, किती ते किती? घर कुठे, जवळचा बसथांबा किंवा मेट्रो स्थानक कोणतं? दुचाकी आहे का, मागे बसणाऱ्यासाठी दुसरं हेल्मेट आहे का? २१ फेब्रुवारी ते १७ मार्च या काळात घरात लग्न, परीक्षा, परगावचा प्रवास आहे का? फोन सकाळी सात ते साडेनऊ उचलला जातो का?

शेवटचा प्रश्न विचित्र वाटतो, पण पेपरच्या दिवशी सगळा कारभार याच अडीच तासांत होतो.

अर्ज आल्यावर वाटणी अशी. सकाळी मोकळे असणारे, म्हणजे निवृत्त मंडळी, गृहिणी, दुपारपाळीचे कामगार, हे सोबती. संध्याकाळी व रविवारी मोकळे असणारे सराव घेणारे. घराबाहेर पडता न येणारे फोन सांभाळतील किंवा पाठ्यपुस्तकांचं ध्वनिमुद्रण करतील.

ध्वनिमुद्रणाच्या सूचना, कारण विचारणा वारंवार होते: बालभारतीच्या पुस्तकाची पीडीएफ त्यांच्याच संकेतस्थळावर मिळते, तीच वापरावी म्हणजे पानांचे आकडे जुळतात. एक धडा, एक फाईल. सुरुवातीला विषय, धड्याचा क्रमांक, नाव, पान. पान बदललं की आकडा उच्चारायचा. पंखा बंद, फोन तोंडापासून वीतभर लांब आणि किंचित बाजूला, म्हणजे 'प', 'फ' फुटत नाहीत. चित्र आलं की "इथे चित्र आहे" एवढ्यावर सोडू नये. काय दाखवलंय ते दोन वाक्यांत सांगावं. चौकटीतला मजकूर धड्याच्या ओघात मिसळू नये, "चौकट सुरू", "चौकट संपली" असं म्हणावं. नाट्यमय वाचन टाळावं. ऐकणारा ते दीडपट वेगाने ऐकतो, चढउतार फार असले की शब्द कळत नाहीत.

१५ डिसेंबर, रविवार

निवड. पालकांनी सोबत यायचंच, ही अट. आई किंवा वडील येऊन सगळं पाहून गेले की गळती निम्म्याहून कमी होते. मुलाचा उत्साह पक्का असतो. काम सुटतं ते घरून.

चाचणी चाळीस मिनिटांची. आधी वीस मिनिटं श्रुतलेखन, तेही अनोळखी आवाजात. मिनिटाला पंधरा शब्द सलग लिहिता आले आणि ते दुसऱ्याला वाचता आले म्हणजे पास. मग दहा मिनिटं प्रश्नपत्रिका मोठ्याने वाचणं. उरलेली दहा मिनिटं मुद्दाम चुकीचं उत्तर सांगून पाहतो: "महाराष्ट्राची उपराजधानी नाशिक, लिही." जे मूल मान वर करून बघतं पण 'नाशिक'च लिहितं, ते घ्यायचं. जे हसतं किंवा "नाही हो, नागपूर" म्हणतं, त्याला पुन्हा एक संधी द्यावी, कारण पहिल्या वेळी ते स्वाभाविक आहे. दुसऱ्या वेळीही तेच झालं तर त्याला सरावासाठी वाचक म्हणून ठेवावं.

पालकांच्या शंका ठरलेल्या. स्वतःच्या अभ्यासाचं काय? नववीची वार्षिक एप्रिलमध्ये, म्हणजे मध्ये तीन आठवडे मिळतात. कॉपीचं प्रकरण अंगाशी येईल का? लेखनिकाने सांगितलं तेवढंच लिहिलं आणि पर्यवेक्षकांच्या नजरेसमोर राहिला तर काही येत नाही. मानधन? मिळत नाही, पण प्रवासखर्च आणि खाणं प्रकल्पाकडे. प्रवासखर्चाचं पाकीट आधी हातात द्यायचं. "बिल द्या, मग देऊ" म्हटलं की अनेक घरांतून मागितलंच जात नाही, आणि महिनाअखेरीला तो खर्च जड होतो.

दोन्ही बाजूंची मुलं अल्पवयीन आहेत, म्हणून हे नियम सगळ्या मोठ्यांना सही करून: एकट्या मोठ्या माणसाने बंद खोलीत मुलाचा सराव घ्यायचा नाही, मुलीसोबत महिला सोबती, मुलांचे फोटो कुठल्याही ग्रुपवर किंवा स्टेटसवर टाकायचे नाहीत, मुलाचा स्वतःचा फोन असला तरी निरोप पालकांच्याच फोनवर. यात सवलत कोणालाही नाही, वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांनाही.

४ जानेवारी २०२५, शनिवार

लुई ब्रेल यांचा जन्मदिवस, म्हणून सरावाची सुरुवात आज ठेवली. परीक्षार्थी आणि लेखनिक पहिल्यांदा समोरासमोर.

जोड्या लावताना शेवटचा शब्द परीक्षार्थीचा. दोघांनी पंधरा मिनिटं बोलायचं, मग परीक्षार्थीने बाजूला येऊन सांगायचं, चालेल की बदलायचं. कारण विचारायचं नाही. एखाद्याचा आवाज बारीक वाटतो, एखाद्याची वाचण्याची लय जुळत नाही. लेखनिकालाही आधीच सांगून ठेवावं, म्हणजे बदल झाला तर त्याला लागत नाही.

आजचा विषय वाचन. मराठीची कृतिपत्रिका सर्वांत अवघड, कारण त्यात आकृत्या पुऱ्या करायच्या असतात. मूल पाहतं आणि म्हणतं, "इथे गोल आहेत." त्यावरून परीक्षार्थीला काहीच कळत नाही. ठरवलेली पद्धत: आधी आकार, मग मधला मजकूर, मग रिकाम्या जागांची संख्या. "मध्ये एक चौकट, त्यात लिहिलंय 'लेखकाचे गुण'. तिच्यातून चार बाण निघालेत. चारही टोकांना रिकाम्या चौकटी. गुण दोन." एवढं सांगितलं की तो लगेच चार उत्तरं सांगतो.

गणितात घोळ अपूर्णांकाचा. "दोन एक्स अधिक तीन भागिले पाच" असं वाचलं तर पाचने फक्त तीनला भागायचंय की सगळ्याला, हे ऐकणाऱ्याला कळायला मार्ग नाही. म्हणून वाचायचं असं: "अपूर्णांक सुरू. अंश, दोन एक्स अधिक तीन. छेद, पाच. अपूर्णांक संपला." कंस उघडला, कंस बंद, वर्गमूळ सुरू, वर्गमूळ संपलं. परीक्षार्थीनेही सांगताना हेच शब्द वापरायचे. पहिल्या तासात कंटाळा येतो, तिसऱ्या सरावापर्यंत तोंडात बसतं.

आकड्यांचं वेगळं. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी यांत आताची मुलं हमखास चकतात. नियम केला: संख्या आधी नेहमीसारखी, लगेच मागोमाग सुटे अंक. "एकोणसत्तर, सहा नऊ." दोन्ही बाजूंनी.

१२ जानेवारी, रविवार

बसणं आणि लिहिणं. उजव्या हाताने लिहिणाऱ्या लेखनिकाच्या डावीकडे परीक्षार्थी बसतो. त्यामुळे लिहिणाऱ्या हाताला धक्का लागत नाही, कानही जवळ येतो आणि आवाज खाली ठेवता येतो. डावखुऱ्यासाठी उलट.

उत्तर झाल्यावर वाचून दाखवणं सक्तीचं, पण सपाट आवाजात. प्रश्नार्थक सूर लागला की ती सूचना ठरते. "असंच लिहू?" हे तीन वेळा म्हटलं गेलं तर परीक्षार्थी बरोबर उत्तरही बदलून बसतो. परवानगी असलेली वाक्यं फळ्यावर लिहिली: "पुन्हा सांग." "हळू सांग." "कोणता शब्द?" "वाचून दाखवू?" "इतकी मिनिटं झाली." "पुढचा प्रश्न वाचू?" याबाहेर काही बोलायचं नाही. इंग्रजीच्या पेपरात स्पेलिंग परीक्षार्थी सांगेल तसंच.

उत्तरपत्रिकेचं पहिलं पान स्वतंत्र शिकवावं लागतं. बैठक क्रमांक अंकांत आणि अक्षरांत, बारकोडची पट्टी सांगतील तिथे, होलोक्राफ्ट (क्रमांक झाकणारं) स्टिकर बैठक क्रमांकावर, पुरवण्यांची संख्या शेवटी, पुरवणी दोऱ्याने बांधताना क्रम. नववीच्या मुलाने हे काहीच पाहिलेलं नसतं, आणि पहिल्या दहा मिनिटांत तो याच पानाला सर्वांत जास्त घाबरतो. कोऱ्या कागदावर छापून प्रत्येकाकडून सहा-सात वेळा भरून घेतलं.

राखीव आठवीची मुलं मागे बसून ऐकत राहिली तर दोन रविवारांत गळतात. त्यांना हातात काम हवं: वेळ सांगणं, लेखनिकाने काय चुकीचं उच्चारलं ते टिपणं, मधल्या तासात जागा बदलून स्वतः लिहिणं. प्रत्येक सरावात राखीव मुलाने किमान अर्धा तास लिहिलंच पाहिजे, अशी नोंद ठेवणारा एक माणूस नेमला.

२४ जानेवारी, शुक्रवार

सिंहगड रस्ता परिसरात गीयाँ बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण आढळल्याने पालक धास्तावलेत, आणि त्यात गैर काही नाही. नांदेड गाव, किरकटवाडी, धायरीकडची मुलं या रविवारी येणार नाहीत असे फोन आले. आग्रह करायचा नाही. त्या भागातला सराव फोनवर: लेखनिक घरी, परीक्षार्थी घरी, दोन्हीकडे पालक, एक तास. फोनवर आवाज तुटतो, पण उच्चार स्पष्ट होण्याला त्याचा फायदाच झाला. बाकी ठिकाणी उकळलेलं पाणी घरूनच आणायचं, बाहेरचा वडापाव बंद, नाश्ता स्वयंसेवकांच्या घरचा.

२ फेब्रुवारी, रविवार

पूर्ण वेळेचा सराव. भाषेच्या तीन तासांच्या पेपरला एक तास जादा, म्हणजे सलग चार तास. गणित, विज्ञान, इतिहास, भूगोल हे दोन तासांचे, त्यांना चाळीस मिनिटं जादा.

चार तासांत बिघडतं ते अक्षर, आणि ते तिसऱ्या तासात. कारण साधं: पेन घट्ट धरणं आणि मनगट हवेत. जाड पकडीचं, पुढे सरकणारं पेन, एकाच बनावटीची दोन. मनगट कागदावर टेकलेलं. दर अर्ध्या तासाला, प्रश्न वाचून झाल्यावर परीक्षार्थी विचार करत असतो, तेवढ्या वेळात बोटं उघडझाप करायची. सकाळी पोट भरून, पण चहा कमी. पाण्याची बाटली पारदर्शक.

परीक्षार्थीलाही सराव लागतो. ब्रेलमध्ये लिहिणारा मनात वाक्य जुळवता जुळवता लिहितो. सांगताना वाक्य आधी पूर्ण व्हावं लागतं. अर्धं वाक्य सांगून "नाही, खोड" हे फार झालं की वेळ जातो. उपाय: मनात दोन वाक्यं जुळवायची, मग पाच-सहा शब्दांच्या तुकड्यांत सांगायची, विरामचिन्हांसह. हा सराव मोठ्या स्वयंसेवकांनी संध्याकाळी फोनवर रोज वीस मिनिटं घ्यावा. नोकरदार माणसाला झेपेल असं आणि खरंच उपयोगाचं काम हेच. ज्यांना ते दिलं त्यांच्यातले जवळजवळ सगळे टिकून आहेत, कारण रोज कोणीतरी त्यांच्या फोनची वाट पाहत असतं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

बारावीची परीक्षा काल सुरू झाली, केंद्रांवर गर्दी आहे, तरीही दहावीच्या केंद्रसंचालकांना आत्ताच भेटून घ्यायचं. विचारायच्या गोष्टी: वेगळी खोली आहे का (एकाच वर्गात बसवलं तर सांगितलेलं उत्तर सगळ्यांना ऐकू जातं, मग आवाज खाली घ्या असा तगादा लागतो), ती तळमजल्यावर आहे का, जादा वेळेसाठी पर्यवेक्षक थांबणार आहेत ना, आणि विभागीय मंडळाचं लेखनिक-मंजुरीचं पत्र त्यांच्यापर्यंत पोहोचलंय का.

प्रत्येक परीक्षार्थीची प्लास्टिकची पिशवी तयार: मंजुरीपत्राच्या तीन प्रती, दिव्यांग प्रमाणपत्राची प्रत, मुख्य आणि राखीव दोन्ही लेखनिकांचे बोनाफाईड व ओळखपत्र, २०१८च्या सूचनांची प्रत, केंद्राचा पत्ता, दोन पेनं, सोबत्याचा आणि फोन सांभाळणाऱ्याचा नंबर मोठ्या अक्षरांत. पिशवी सोबत्याकडे राहते, मुलाकडे नाही. राखीव लेखनिकाचे कागद नसतील तर तो असून नसल्यासारखा. दारात उभा राहतो आणि आत जाता येत नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

फोनची साखळी. ग्रुपवर अंगठा उमटला म्हणजे होकार धरायचा नाही. प्रत्येक पेपरसाठी तीन फोन, तिन्ही आवाजी: दोन दिवस आधी संध्याकाळी पालकांना, आदल्या रात्री नऊला सोबत्याला, पेपरच्या सकाळी साडेसातला पुन्हा पालकांना. पहिल्या फोनला विचारायचं "येणार ना?" असं नाही, त्याला "हो" हेच उत्तर येतं. विचारायचं असं: "ताई, परवा शुक्रवारी ओंकारला पावणेनऊला घरून निघायचंय. काका न्यायला येतील. त्या दिवशी घरात काही कार्य आहे का? त्याला बरं आहे ना?" अडचण असेल तर इथेच बाहेर पडते.

साडेसातला फोन उचलला नाही तर आठपर्यंत दोनदा, आठला राखीव मुलाच्या घरी फोन. वाट पाहायची नाही. नंतर मुख्य लेखनिक आला तर राखीव परत जाईल, त्याचा प्रवासखर्च तरीही द्यायचा, आणि त्या संध्याकाळी त्याच्या आईला एक फोन करायचा. बोलावून परत पाठवलेल्या मुलाला कोणी विचारलं नाही तर दुसऱ्यांदा तो येत नाही.

मार्गांमध्ये एक सोय वाढली आहे. जिल्हा न्यायालय ते स्वारगेट मेट्रो गेल्या सप्टेंबरपासून सुरू आहे, त्यामुळे मध्यवस्तीतल्या केंद्रांवर जाणाऱ्या जोड्यांना लक्ष्मी रस्त्याची कोंडी टाळता येते.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

मराठी. सगळ्या जोड्या सव्वादहापर्यंत केंद्रांवर. एका केंद्रावर जादा वेळेबद्दल शंका निघाली, पिशवीतली सूचनांची प्रत दाखवल्यावर मिटली. सोबत्याने वाद घालायचा नाही, कागद पुढे करायचा आणि केंद्रसंचालकांनाच निर्णय करू द्यायचा. आवाज चढला की त्याचा ताण आत बसलेल्या दोन मुलांवर येतो.

पेपर संपायला तीन वाजून गेले. बाहेर थांबणाऱ्या सोबत्यासाठी चार-पाच तास हे मोठे असतात. उन्हात फाटकाबाहेर थांबायला लावू नये. जवळच्या स्वयंसेवकाचं घर, देऊळ, वाचनालय आधी बघून ठेवावं.

५ मार्च, बुधवार

गणित भाग १. पात्र परीक्षार्थींपैकी काहींनी बीजगणिताऐवजी अंकगणित घेतलं आहे, त्यांच्या लेखनिकांचा सराव वेगळा होता, अडचण आली नाही.

रमजान २ तारखेपासून सुरू आहे. ज्या लेखनिकांचे रोजे आहेत त्यांच्या घरी आधीच विचारून त्यांना दोन तासांचे पेपर दिले होते. परत आणताना ऊन टाळायला रिक्षा, दुचाकी नको.

अंश-छेदाची पद्धत आज उपयोगी पडली, हे परीक्षार्थींनीच सांगितलं. प्रत्येक पेपरनंतर त्याच संध्याकाळी परीक्षार्थीला दोन प्रश्न: लेखनिक बदलायचाय का, आणि पुढच्या पेपरला काय वेगळं हवं. उत्तर सराव घेणाऱ्यापर्यंत रात्रीच.

१३ मार्च, गुरुवार

आज होळी, उद्या धुळवड, परवा इतिहास-राज्यशास्त्राचा पेपर. हंगामातला सर्वांत धोक्याचा दिवस उद्याचा. कोकणातली घरं शिमग्याला गावी जातात. अशा लेखनिकांचे पेपर आधीच राखीव मुलांकडे दिलेत. राहिलेल्यांच्या घरी आज प्रत्यक्ष फोन: रंग खेळू दे, पण डोळ्यात जाऊ नये, दुपारी बारानंतर घरात, पक्का रंग नको. हाताला रंग असलेला चालतो, ताप चालत नाही. मुलाला खेळूच देऊ नका असं सांगायचं नाही. या कामामुळे सण बुडाला असं त्याच्या मनात बसलं तर पुढच्या वर्षी घर तयार होत नाही.

१७ मार्च, सोमवार

भूगोल, शेवटचा पेपर. एकही परीक्षार्थी कोणत्याही पेपरला लेखनिकाविना राहिला नाही. आठवीच्या आठही राखीव मुलांनी किमान एक पेपर लिहिला. त्यातले काही बदली म्हणून, काही मुद्दाम ठरवून दोन तासांच्या पेपरला.

२३ मार्च, रविवार

मुलांची, पालकांची आणि परीक्षार्थींची एकत्र भेट. भाषणं नाहीत. प्रमाणपत्रावर 'मोलाचे योगदान' असं मोघम न लिहिता कोणते विषय, किती तास लेखन, किती तास सराव हे लिहिलं. शाळेत आणि पुढे अर्जांत ते उपयोगी पडतं. परीक्षार्थींनी आपापल्या लेखनिकाचं नाव ब्रेलमध्ये टोचून दिलं. मुलं बराच वेळ त्या टिंबांवरून बोट फिरवत होती आणि कुठलं टिंब कुठल्या अक्षराचं ते विचारत होती. शाळांना पत्रं सोमवारी जातील, वर्गशिक्षकांच्या नावाने वेगळी.

पुढच्या वर्षीचा ताळा. आठवीची आठ मुलं मुख्य यादीत. नववीची मुलं दहावीत जातील: त्यांना वर्षभरात दोनच फोन, दिवाळीत आणि परीक्षेआधी, तेही त्यांचीच विचारपूस म्हणून, काम सांगायला नाही. पुढच्या वर्षी त्यांचा निकाल लागला की बारावीच्या लेखनिकांसाठी विचारायचं. कमी पडणारे सोळा मुख्य आणि नवे आठ राखीव यांसाठी शाळा आताच वाटून घेतल्या. जूनमध्ये शाळा उघडल्यावर पहिल्या पंधरवड्यात भेट, कारण वर्गशिक्षक तेव्हाच बदलतात आणि नव्या शिक्षकांना हे काम माहीत नसतं.

ज्या सोबत्यांनी 'पुढच्या वर्षी जमणार नाही' असं सांगितलं, त्यांच्याकडून मार्गाची टिपणं घेऊन ठेवली: कोणत्या फाटकातून आत सोडतात, रिक्षा कुठे मिळते, सावली कुठे आहे. ती पिशव्यांमध्ये घातली आहेत. पिशव्या कपाटाच्या वरच्या फळीवर, चावी फोन सांभाळणाऱ्या ताईंकडे.